पालथा कप

२ जुलै
पुन्हा आले! नगरपालिकेची ती पोरगी दानाई आणि तिचा तो कॅमेरा. चमचा, चप्पल, उंदराचा सापळा — प्रत्येक वस्तूचा आतून-बाहेरून फोटो, मग नंबर. सत्तावीसला घर लोकांसाठी उघडणार. माझ्या नवऱ्याच्या, पांडेलिसच्या नामदिनी, त्याच्या नावाच्या संताच्या दिवशी! मला न विचारता घर यांना लिहून देऊन गेला. मला मरेपर्यंत वरची खोली. आयत्या बिळावर नागोबा नुसते.

९ जुलै
त्याच्या स्टुडिओची फरशी घासली. लाल आहे म्हणे! चाळीस वर्षं रंगाखाली होती, मला कधी दिसली नाही. मांजराच्या खुर्चीला दोरी, वर पाटी — ‘चित्रकाराची आवडती खुर्ची’. तो बसला असता तर मोडली असती.

१४ जुलै
तिनं कप धुतला.

१५ जुलै
काल लिहवेना. खिडकीतला पालथा कप. दोन वर्षं मी त्याला हात लावला नव्हता.

कॉफी पिऊन सगळं गाव कप पालथा घालतं, मी गाळ पाहून भविष्य सांगते. पांडेलिस जन्मभर टिंगल करायचा — “आसिमिना, तुझ्यापेक्षा मांजर बरं वाचेल!” शेवटच्या दिवशी या घरावरूनच भांडलो. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कप पालथा घातला आणि म्हणाला, “वाच ना.” मी हनुवटी वर उचलली — नाही! आणि टोपली उचलून मागे परसात भात भरायला द्राक्षाची पानं तोडायला गेले. परत आले तर खिडकीपाशी आपल्या खुर्चीतच गेलेला.

उलटून बघायचा धीर कधी झाला नाही. माझ्यावर चिडूनच गेला, हे डोक्यातून जात नाही. आणि ही पोरगी म्हणते, “मावशी, घाण होता, धुऊन मांडला.” तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं सांगितलं तिला, ओरडून सांगितलं. रडली. रडू दे!

२१ जुलै
दानाई दारात अंजीर ठेवून गेली. खाल्ले. बोलणार नाही.

२७ जुलै
खाली गर्दी. देवळात आल्यासारखी कुजबुजतात माणसं. त्याचा रेडिओ ऐकला असता तर पळाली असती.

दानाई वर आली. हातात फोटो, नंबर दोनशे बारा. “धुवायच्या आधीचा, मावशी. आतून.”

गाळात त्यानं काडीनं काढलेलं चित्र. मी! भुवया चढवलेल्या, हनुवटी वर, हातात पानांची टोपली. म्हणजे मी तिकडे पानं तोडत होते, आणि हा माणूस इथे बसून हसत होता!