भुऱ्याला न्यायचं असेल तर

प्रिय संघपाल,

सप्रेम जयभीम. पत्र बघून दचकू नकोस, तुझे बाबा ठणठणीत आहेत आणि मीही आहे. फोन असताना आईने कागद कशाला काळा केला, असं सपनाला वाटेल. फोनवर तू "हो, बोल आई" म्हणतोस आणि तिकडे लॅपटॉपची बटणं दाबत राहतोस. मला ऐकू येतं ते. कागदापुढे तसं करता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी तुझ्या कुत्र्याची खबर देते, कारण दिवाळीपासून तू तेवढीच विचारतोस. पिल्लू चांगलं आहे. तिकडून इकडे फेऱ्या करणाऱ्या गोविंदाच्या गाडीतून तू ते पाठवलंस तेव्हा पोट बिघडलेलं होतं, अंग थरथरत होतं, आणि सोबत सामान मात्र केवढं! गादी, साबण, कंगवा, चेंडू, खाण्याची पिशवी. बाबांनी ते सगळं ओट्यावर मांडलेलं पाहिलं आणि म्हणाले, "एवढा रुखवत तर माह्या लग्नातबी नोता आला." त्या पिशवीतल्या खाण्याला पिल्लू चार दिवस तोंड लावेना. मानोऱ्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारून मी त्यातच ज्वारीची भाकर दुधात कुस्करून द्यायला लागले, तेव्हा कुठे पोट धरलं. सुया सगळ्या टोचून झाल्या आहेत.

घाण करण्याचं म्हणशील तर पहिला महिना माझी कंबर पुसण्यातच मोडली. तू फोनवर सांगितलंस की मोबाइलवर पाहून शिकव. मी अंगणवाडीत जन्म घालवला रे, लेकरू असो की पिल्लू, मारून कोणी शिकत नाही. खाल्लं की आणि झोपून उठलं की उचलून निंबाखाली न्यायचं, तिथे केलं की पाठ थोपटायची, बस. आता मोठं झालं आहे, स्वतःच दारापाशी जाऊन उभं राहतं. दात येत होते तेव्हा बाबांची नवी चप्पल खाल्ली, तर पोत्याला गाठी मारून दिल्या चघळायला. हाताला चावलं की मी "आई गं" म्हणून पाठ फिरवायचे आणि बोलायचेच नाही. ते त्याला माराहून जास्त लागायचं. शेजारची रंगूबाई कुंपणावरून रोज हसायची, "काहून वो भागिरथाबाई, अंगणवाडी पुन्हा उघडली काय?" मीही हसायचे. मनात म्हणायचे, उघडली नाही बाई, उघडायला लावली.

तुम्ही नाव ठेवलं ब्रूनो. त्या नावाला ते कान हलवत नाही. आम्ही भुऱ्या म्हणतो आणि तो शेताच्या धुऱ्यावरून पळत येतो. 'सिट' आणि 'स्टे' शिकव म्हणून तू दोनदा बजावलंस, तुमच्या सोसायटीत लाज नको जायला. मी ते शिकवलं नाही. मी त्याला बस म्हणते, थांब म्हणते, सरक म्हणते, आणि तो ऐकतो. विसरले म्हणून नाही, ठरवून शिकवलं नाही.

कारण ही शाळा मी एकदा चालवली आहे, संघपाल. पिंकी सात महिन्यांची होती, सपनाची रजा संपली आणि तुम्ही तिला माझ्या पदरात घातलंत. मला त्यात आनंदच होता, उपकार केले असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. ती याच निंबाखाली बसायला शिकली. आपल्या हाताने जेवायला शिकली, रात्री गादी कोरडी राहू लागली, विहारात माझ्या मांडीवर बसून बोबड्या बोलाने वंदना म्हणू लागली. सगळं मार्गी लागलं, आणि तुम्हाला एकाएकी तिच्यासाठी वेळ मिळाला. मुलगी तुमचीच, नेणार हे मला ठाऊक होतं. पण झोपेत नेलीत. जागी असली तर रडेल म्हणालात, आणि उजाडायच्या आत गोविंदाच्या गाडीत घातलीत. सकाळी तिच्यासाठी गूळ-भाकरीचा लाडू करायला मी काढलेला गूळ तसाच वाटीत राहिला.

मग सपनाने एकदा फोनवर हसत हसत सांगितलं की शाळेत बाईंनी काही विचारलं तर पिंकी म्हणाली, "मले माईत नाई," आणि तुम्हा दोघांना कुठे तोंड लपवू असं झालं. तिची भाषा सुधारायला किती महिने गेले, तेही सांगितलं. सपना हसत होती. मी नाही हसले. त्यानंतर पिंकी इकडे आली नाही. एका उन्हाळ्यात ऊन फार होतं, एकदा कसला तरी क्लास होता, एकदा म्हणे इथला संडास तिला जमणार नाही. जिथे ती शिकली, तिथलाच. कुत्र्याला मात्र इथली मोकळी जागा मानवते.

गेल्या रविवारी तुझा फोन आला. म्हणालास, आता तयार झाला आहे ना, शनिवारी गोविंदा येतोय, पाठवून दे, आणि डॉक्टरांकडून झोपेची गोळी घेऊन ठेव, म्हणजे वाटेत रडणार नाही. मी गप्प बसले. तू समजलास की आईने होकार दिला. मग कुत्रं दाखव म्हणून फोन पिंकीच्या हातात दिलास. ती "सिट, ब्रूनो, सिट" म्हणत राहिली आणि हा पोतं चघळत राहिला. आईने काहीच शिकवलं नाही वाटतं, असं म्हणत तू आतल्या खोलीत गेलास. त्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही. पिंकीने फोन तोंडाजवळ घेतला आणि अगदी हळू म्हणाली, "भुऱ्या, बस ना रे बापा." भुऱ्या पोतं टाकून बसला. माझ्या डोळ्यांना धार लागली. पण पोरगी हसली नाही रे. तिने आधी मागे वळून दाराकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना. सात-आठ वर्षांची लेक स्वतःच्याच बोलण्याला भिऊन राहिली. हे मी शिकवलेलं नाही. हे तुम्ही शिकवलंत, आणि पक्कं शिकवलंत.

म्हणून हे पत्र. गोविंदा बाहेर चहा पीत बसला आहे, गाडी ओट्याला लावली आहे. त्याच्या गाडीत हा कागद तेवढा येईल, भुऱ्या येणार नाही. मी गोळी आणली नाही. घाण करायचं थांबेपर्यंत जीव ठेवायचा आणि मग झोपेत उचलून न्यायचा, अशी जागा मी आता राहिले नाही. झोपेत नेलेलं लेकरू जागं झाल्यावर त्या दिवशी कोणाला शोधत होतं, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही आणि विचारायचा धीर मला झाला नाही. भुऱ्याला न्यायचं असेल तर पिंकीला घेऊन ये, चांगलं ऊन पडलेलं असताना. ती हाक मारेल आणि तो तिच्या मागे आपल्या पायांनी गाडीत चढेल. जाताना दोघं रडली तर रडू दे, मीही रडेन, त्याने काही बिघडत नाही. आणि तिला माझा एवढाच निरोप दे की इथे मोठ्याने बोललं तरी चालतं.

तुझीच,
आई
इंझोरी