टिकल्या लावलेले गळ

१२ एप्रिल, रविवार

झालं! ह्यांनी जाहीर करून टाकलं — "गळाला पर्च मासा लागल्याशिवाय मी अ‍ॅशबर्न सोडणार नाही." जेवणाच्या टेबलावर. लेक गिरिजा, जावई, नात, सगळ्यांसमोर. मी भारतात परतायच्या तिकिटांचा विषय काढला म्हणून! जन्मात अंडं न खाल्लेला पुण्याचा माणूस. मासा धरायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा म्हणे.

मला मात्र मेच्या पहिल्या आठवड्यात वेंगुर्ल्याच्या घरी पोचायचंय. कोकमाचे रतांबे पिकतात. मीनाक्षी — माझी धाकटी बहीण — आणि मी ओट्यावर बसून ते फोडतो. हात कोपरापर्यंत लाल. तोंडानं शाळेतल्या एकेका ननची नक्कल. माझे वर्षातले सगळ्यात चांगले दिवस. ते आता एका माशावर अडकले.

१४ एप्रिल

ह्यांनी बांधलेली रिग पाहिली. देवा! साधी तर गोष्ट — तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या दोरीला, दोन आखूड फाटे, प्रत्येक फाट्याला एक गळ, तळाशी शिसं. ह्यांची गाठ पाण्यात जायच्या आधीच सुटते. आणि म्हणे इंजिनीअर!

"आणा इकडे," म्हटलं. शिवणाच्या तासाला सिस्टर बर्नाडेटची पट्टी काय फुकट खाल्ली? त्या ओरडायच्या — "गर्ल्स, दोरा तोंडात नाही!" आणि इथे व्हिडिओतला माणूस सांगतो, गाठ थुंकीनं ओली करून मगच आवळा. पन्नास वर्षांनी मी जिंकले!

१५ एप्रिल

पर्चला लाल आणि चमकणारं आवडतं. मलाही.

१६ एप्रिल

जुन्या ब्लाऊजच्या टिकल्या उसवल्या. दोन लाल मणी, एक टिकली, मग गळ. अशा आठ रिगा बांधल्या. पडद्याच्या दांडीला टांगल्यावर इतक्या गोड दिसायला लागल्या! अनया शाळेतून आली आणि बघतच राहिली. आठ वर्षांची आहे, पण मत पक्कं — "आज्जी, द फिश विल थिंक इट्स अ वेडिंग!"

हे गांडुळाला हात लावणार नाहीत. कणकेच्या गोळ्या केल्या, हिंग घालून.

१९ एप्रिल, रविवार

तळ्यावर चार तास. काही नाही.

शेजारी एक आजोबा होते, लाल टोपीवाले. माझी रिग त्यांना फार आवडली, म्हणून दोन दिल्या. त्यांना अर्ध्या तासात तीन पर्च! पिवळे, अंगावर काळे पट्टे. ह्यांना शून्य. तळं तेच, रिग तीच. "नशीब," हे म्हणाले, आणि मजेत सँडविच खात बसले. मजेत!

२३ एप्रिल

पाप करायचं ठरवलंय. माशांच्या दुकानात गेले. पर्च अख्खा मिळेना, म्हणून बांगडा घेतला. ह्यांना काय कळतंय? सिस्टरांनी मला हिंदू असूनही कन्फेशनला धाडलं असतं.

२५ एप्रिल, शनिवार

काय दिवस होता!

हे गाडीतून थर्मास आणायला गेले. अनया त्यांच्यामागे. मी पिशवीतून बांगडा काढला, ह्यांची दोरी ओढून घेतली — आणि बघतच राहिले. मणी होते. टिकल्या होत्या. शिसं होतं. गळ नव्हते! दोन्ही फाटे टोकाला कात्रीनं साफ कापलेले.

विचार करायला वेळ कुठे? बांगड्याच्या शेपटीला फाट्यानंच गाठ मारली आणि दिला सोडून पाण्यात.

"अहो, लागला! लागला!"

हे थर्मास घेऊन जागीच थबकले. "कसा लागेल?"

"का नाही लागणार?"

अनया उड्या मारत होती, "आजोबा, पुल! पुल!" शेवटी ओढला. बांगडा उलटा वर आला. शेपटीला टांगलेला, पोट साफ केलेला, अजून अर्धा बर्फच.

"इज ही ओके?" अनयानं विचारलं.

"गारठलाय," हे म्हणाले. चेहरा अगदी गंभीर!

अनया फोटो फॅमिली ग्रुपवर टाकत होती, तेवढ्यात मी हळूच विचारलं, "गळ कुठेत?"

"खिशात."

मग म्हणाले, "तिकडे सकाळी मला उठवायला कोण आहे गं?"

"मी आहे की!"

"तू उठवत नाहीस, ओरडतेस. अनया येऊन पोटावर बसते."

मग तेच म्हणाले, "पण शब्द म्हणजे शब्द. मासा लागला. तिकिटं बघतो." असं म्हणाले, जसं काही दात उपटून घ्यायला निघालेत.

२६ एप्रिल

मीनाक्षीचा फोन, स्पीकरवर. "भावोजी, तळ्यात बांगडा? आणि पोट साफ करून पोहत होता?" हसता हसता तिला ठसका लागला. मग मला म्हणाली, "ताई, रतांबे लाल झाले. कधी येतेस?"

हे टेबलापलीकडून हळूच म्हणाले, "म्हणजे हा जमेस धरायचा नाही ना?" इतक्या आशेनं त्यांनी मला लग्नाचंही विचारलं नव्हतं.

"नाही धरायचा," मी म्हटलं. "पण आता मी स्वतः गळ टाकणार. मला लागला तरी तिकिटं काढायची. कबूल?"

"कबूल," म्हणाले. करतात काय!

बांगडा तळून खाल्ला. एकटीनं.

२ मे, शनिवार

हे अनयाला पोहायला घेऊन गेले, म्हणून तळ्यावर मी एकटीच. पहिल्याच फेकीला लागला. खरा! पिवळा, पट्ट्यांचा, मुठीत फडफडणारा. गळ अलगद सोडवला. पाण्यात धरला थोडा वेळ. मग मूठ उघडली.

घरी आल्याबरोबर ह्यांनी विचारलं, "लागला का गं?"

"छे," मी म्हटलं.