कव्हरखालचं बक्कल

३ डिसेंबर, नांदेड

गाडीत बाळाला बसवायची खुर्ची आली! माझी सुकन्या नऊ महिन्यांची, खुर्ची तिच्याहून जड. मागच्या सीटवर पाठमोरी ठेवली, पट्टा ओढून खुर्चीतून घेतला — आणि खोचायला बक्कलच नाही! कुशनवाल्यानं नवं कव्हर शिवताना दोन्ही बक्कलं खाली दाबून टाकलीत. वरून बोटांना लागतात, बाहेर येत नाहीत.

भागवत म्हणाले, "मागं कोण लावतंय पट्टा?" हे स्वतः पुढंसुद्धा लावत नाहीत. गाडी ओरडू नये म्हणून नुसती क्लिप खोचून ठेवलीय.

४ डिसेंबर

कव्हर कापा म्हटलं. "नवंकोरं आहे!" ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं हे. कव्हरचं काही नाही, आईचा धाक आहे. सासूबाई दारातून म्हणाल्याच — "माझी मांडी हाय की! बांधून ठेवायला लेकरू हाय का वासरू? अन् ते बी पाठमोरं?"

मांडी! तीन वर्षांपूर्वी बिलोलीच्या लग्नाहून जीपनं येताना माझा सोमेश त्यांच्याच मांडीवर होता. दोन वर्षांचा. नायगावच्या अलीकडे जीपवाल्यानं ब्रेक मारला. सोमेश मांडीवरून उडाला, गेला. सासूबाईंचं मनगट मोडलं, ते अजून सरळ होत नाही. या घरात त्यांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. मीही नाही. मनात मात्र रोज बोलते — सोडलंत कसं?

६ डिसेंबर

चौदाला लातूरला माझ्या भावाचा साखरपुडा. सांगून टाकलं — खुर्ची घट्ट बसल्याशिवाय सुकन्या गाडीत बसणार नाही. मग मीही नाही.

"आईला टोचेल ते, वर्षा. कळत कसं नाही तुला?"

कळतं. टोचू दे.

८ डिसेंबर

अबोला.

११ डिसेंबर

सुकन्याला शेजारच्या भामाबाईंकडे ठेवून आम्ही तिघं बाजारात गेलो. तांदळाची पिशवी कोपऱ्यात उसवलेली, म्हणून येताना सासूबाईंनी मागं मांडीवर घेतली. मी वळून त्यांच्याशी बोलत होते, आहेराच्या साडीचं. तेवढ्यात शेळी आडवी आली. भागवतनी ब्रेक दाबला. गाडी काही जोरात नव्हती. सासूबाईंनी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी आवळली — मी डोळ्यांनी पाहिलं — तरी निसटली! माझ्या सीटवर आपटली, फुटली.

घरी आलो. मग त्या गाडीतच वाकून तांदूळ वेचत बसल्या, एकेक दाणा. "राहू द्या आत्याबाई," म्हटलं. ऐकलं नाही. मोरीत जाऊन रडले. आज पहिल्यांदा त्यांच्यासाठी रडले.

१२ डिसेंबर

शाळेत शिकवून आले तर गाडीचं मागचं दार उघडं. सासूबाई आत वाकलेल्या, दाताखाली दोरा. कव्हरला दोन चिरा पाडून कडा दाभणानं शिवत होत्या. गोधडीला घालतात तसे टाके, लाल दोऱ्याचे. दोन्ही बक्कलं वर आली होती! वाकड्या मनगटानं किती वेळ लागला असेल, देव जाणे.

"आता उसवायचं न्हाई," एवढंच म्हणाल्या.

भागवतनी टाक्यांवरून हात फिरवला, आणि पुढच्या सीटची ती क्लिप काढून खिशात टाकली.

१३ डिसेंबर, लातूर

निघताना खुर्चीवर गुडघा रोवून मीच पट्टा ओढला. "वढ अजून," सासूबाई म्हणाल्या. ओढला. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची हलवून पाहिली. हलली नाही. सुकन्याच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहिला, इतका घट्ट की चिमटीत आला नाही. मग मागं सरल्या.

"जावा तुमी. मी एश्टीनं येते. लेकरासंगं गाडीत बसायचा धीर न्हाई."

भागवतनी विनवलं. न्हाई म्हणजे न्हाई. दार लावता लावता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या दिशी बी मी सोडलं न्हवतं गं."

"ठाऊक आहे मला," म्हटलं.

परवापर्यंत नव्हतं.