हळदीच्या गाण्यातली मुकी ओळ

आई,

तुझ्या नातवाची हळद झाली. आता हळदसुद्धा लॉन्सवर होते, दोन्हीकडची माणसं एकत्र, सगळ्यांचे कपडे पिवळे आणि कोपऱ्यात डीजे. तिथं तुझं गाणं वाजलं आणि मला ते आधी ओळखूच आलं नाही. ढोलाच्या ठेक्यावर एक चिरका, लहान पोरीसारखा आवाज, जणू गाणारीला मागून कुणी चिमटे काढतंय. दुसऱ्या कडव्याला माझा हात हळदीच्या वाटीतच थांबला. ‘हळद दळिते बाई, पिवळं झालं अंगण.’ शब्द तुझे होते. मी लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, “आई, हे सगळीकडे चाललंय. जुनं गाणं घ्यायचं, पट्टी चढवायची, खाली ठेका टाकायचा. पट्टी बदलली की मूळ कुणाचं ते पटकन कळत नाही, मग कुणी हक्क सांगायला येत नाही.” आणि हक्क सांगणारे तर फोनवर त्या गाण्याखाली कमेंट लिहून रोज भांडतायत म्हणे. घोटीकडचे म्हणतात, हे आमचं भातलावणीचं. सटाण्याकडचे म्हणतात, आमच्या अहिराणीतून चोरलं.

तुझा आवाज जाड होता. आपल्या मळ्यातल्या पडवीत तू शेवंतीच्या माळा ओवत बसायचीस आणि ओठ न हलवल्यासारखं गायचीस, तरी विहिरीपाशी ऐकू यायचं. बायका मागे म्हणायच्या, हिचा गळा बाप्याचा आहे, पण हळद कुणाचीही असो, बोलावणं आधी तुला. एकदा मी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता तेच गाणं म्हणतेय, गोड वाटावं म्हणून वरच्या आवाजात. तू तव्यावरची भाकरी उलटतेस आणि माझ्याकडे न बघता म्हणतेस, “एवढं वर कशाला जातेस? गाणं पातळ होतं. खाली ये.” मी रुसले होते. तुझ्यासारखं खाली मला कधी जमलंच नाही. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तू एक ओळ नुसती गुणगुणायचीस, शब्द नाहीत, बंद ओठांतून ‘हंऽ हं हं’. मला वाटायचं ते गाणं असंच आहे.

तर हळदीत डीजेवाल्यानं ते गाणं पुन्हा लावलं आणि आपली आत्या उठली. वय झालंय तिचं, पण आवाज खणखणीत. “हे आमच्या वहिनीचं गाणं हाय. बंद कर ते, तिची चेष्टा चालवलीय नुसती.” नवरीची मावशी सटाण्याकडची. ती शांतपणे म्हणाली, “हाई गानं आमनं शे, ताई. मनी माय म्हनस.” आत्या म्हणाली, “नाय, मी माझ्या लग्नाआधीपासून वहिनीच्या तोंडून ऐकलंय.” मग कुणीतरी हसलं, कुणीतरी भाषेवरून बोललं, आणि बघता बघता गाण्याचं राहिलं बाजूला, तुमच्याकडचे असे नि आमच्याकडचे तसे सुरू झालं. नवरी पाटावर बसली होती. अजून घरात पाऊल पडलं नव्हतं पोरीचं, आणि तिचे डोळे भरले होते. तुझ्या नातवानं माझ्याकडे पाहिलं. “आई, तूच म्हण ना. आजीचं कसं होतं ते.”

मी डीजे बंद करायला सांगितला. लॉन्सवर एवढी माणसं, आणि मी पाटासमोर खाली बसले आणि जेवढं खाली जाता येईल तेवढं जाऊन सुरुवात केली. आवाज फाटत होता. कडवं संपत आलं, तुझी ती शब्द नसलेली ओळ आली, मी ओठ मिटून गुणगुणायला लागले, आणि नवरीच्या मावशीनं माझ्याच पट्टीत ती ओळ म्हटली. ‘मायना दारनी वाट दूर ऱ्हायनी.’

आई, त्या जागी शब्द होते. आत्या परत खाली बसली. पुढची कडवी आम्ही दोघींनी मिळून म्हटली. मावशीनं नवरीच्या गालाला हळद लावली, मग आत्यानं लावली, आणि हळद नीट पार पडली. पण माझं लक्ष त्यानंतर कशातच नव्हतं. तुला ती ओळ ठाऊक नव्हती, की ठाऊक असून तू गिळत होतीस? तुझी आई तू परकरात असताना गेली. आईच्या दाराची वाट तुला कुठं होती? हे विचारायला मला आता तू हवी आहेस, आणि एवढंच विचारायला नाही.

सत्यनारायण झाल्यावर मी सटाण्याच्या पुढे त्या मावशीच्या आईकडे जाऊन आले. म्हातारी अंगणात बसली होती, डोळ्यांना कमी दिसतं. तिला विचारलं, हे गाणं तुमच्या गावचंच का? ती हसली. म्हणाली, तिच्या लहानपणी वावरात कांदे लावायला पेठकडच्या डोंगरातल्या बाया यायच्या, “त्यासनापाईन शिकनू मी.” आणि त्या बाया कुणाकडून शिकल्या? तिनं हात हवेत हलवला, चिमण्या हाकलल्यासारखा. तुला कुणी शिकवलं असेल? माहेरी, घोटीच्या बाजूला भात लावताना डोंगरातलीच एखादी बाई तुझ्या शेजारी वाकली असेल का? परत येताना बसमध्ये मी सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून बसले होते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून एक गोष्ट लिहिते. मी त्या म्हातारीला अधूनमधून फोन करते. घरात सांगते, गाण्याची राहिलेली कडवी उतरवून घ्यायचीत. कडवी केव्हाच संपली. तिचा आवाज बारीक, कापरा, तुझ्यासारखा मुळीच नाही. परवा तिनं फोन उचलला आणि आधी हेच विचारलं, “जेवनी का, माय?” मी म्हटलं, “जेवले, आई.” मग मी दुरुस्त केलं नाही, आणि तिनंही नाही.