तुझं नाव अजून ‘निघाले’वर आहे

प्रिय ताई,

आज दुपारी तू लिहिलेल्या कोडला मी पहिल्यांदा हात लावला. मग घरात जे झालं, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? म्हणून लिहितेय.

आठवतं, फोनवरचं हे पान तू आईसाठी केलं होतंस? कारखान्यात सुताच्या कांड्या भरताना लूमच्या खडखडाटात तिला फोनवर बोलता यायचं नाही. म्हणून आपल्या तिघींची नावं, आणि प्रत्येक नावापुढे घरी, निघाले किंवा पोचले. आपण आपल्या फोनवर बदललं की आईच्या फोनवर घंटी; ती ऐकू नाही आली तरी बघितलं की कळायचं. तू टेमघरच्या आपल्या खोलीत ते पहिल्यांदा चालवून दाखवलंस तेव्हा आई किती हसली होती.

तेव्हाच तू मला शिकवलंस, कोण कुठंय ते एकाच जागी ठेवायचं आणि बाकीच्यांनी नुसते कान लावून बसायचं. तो कान म्हणजे लिसनर. “स्क्रीन सोडलीस की लिसनर काढ गं बाई,” म्हणून माझं डोकं खायचीस. आणि स्वतःच काढायला विसरलीस ना?

त्या दिवशी धामणकर नाक्यावर रिक्षाची वाट बघताना तू ‘निघाले’ दाबलंस. मग तो कंटेनर आला. तू गेलीस, फोनही फुटला. तुझ्या नावापुढचं बदलणारं कुणी राहिलंच नाही.

आई मात्र रोज बघते. तुझ्या नावावर जाते, मागे येते, परत जाते. दर वेळी एक नवा लिसनर बसायचा, जुना तसाच. मी ऑफिसातून ‘निघाले’ दाबलं की जितके लिसनर तितक्यांदा तिच्या फोनवर घंटी वाजतच राहायची. कुणी इतक्या वेळा तुझं नाव उघडून बघेल, असं तुला तरी कुठे वाटलं असेल?

आज सुट्टी होती, म्हणून ते दुरुस्त केलं आणि तपासायला सगळं पहिल्यापासून चालू केलं. तेही आई बघते त्या चालू पानावरच, मूर्खासारखं. सुरुवातीला सगळ्या घरी, हे तूच लिहून ठेवलेलं. मी आणि आई घरीच होतो. बदललं ते फक्त तुझं, ‘निघाले’चं ‘घरी’ झालं.

घंटी एकदाच वाजली. दुरुस्ती बरोबर झाली होती.

आईने फोन बघितला. हात पिठाचे तसेच ठेवून ती दाराशी गेली आणि कडी काढली. बाहेर कुणी नव्हतं. ती उभीच राहिली. मी घाईघाईने तुला परत ‘निघाले’ केलं. पुन्हा घंटी वाजली.

तिने वाचलं. ओरडली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, “आलेली ना ती? मग परत कशाला पाठवलीस?”

तू असतीस तर काय सांगितलं असतंस? फार राग येतो गं तुझा कधी कधी.

रविवारी बुद्धवंदना झाली की आईला शेजारी बसवून तुझं नाव ‘घरी’ करणार आहे. आधी तिच्या फोनवरचा लिसनर काढते, म्हणजे घंटी वाजायला नको, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, वाजू दे.

दार उघडं ठेवीन, ताई. आता तुला परत पाठवणार नाही.

जय भीम.
तुझी,
छोटी