खोलीचा आवाज

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरी हीस,
अ. उ. आ.

मामा फोन उचलत नाही म्हणून रुसू नकोस. फोनवर तुझं बोलणं मला डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू येतं, मी भलतंच उत्तर देतो आणि तू खिदळतेस. म्हणून हे पत्र. उजवा कान तर कधीच गेलाय, आता डाव्याच्या नसेवर गाठ निघालीय. ठेवली तर मेंदूवर दाब, काढली तर कान जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. मार्चअखेर ऑपरेशन आहे, त्यानंतर तुझा मामा ठार बहिरा. भिंगरे, मला फार भीती वाटतेय गं. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवतो, गोड बोलतो, आणि मनात एकच घोकतो, की आता काय काय ऐकून घेऊ.

एरवी कुठला अल्बम चांगला यावरून आपण हमरीतुमरीवर येतो. या वेळी तू सांगशील ते निमूट ऐकेन. सोबत माझी हार्डडिस्क पाठवतोय. आत नुसता उकिरडा आहे. मी रेकॉर्डवरून उतरवलेले अल्बम त्यातून शोध आणि दवाखान्यात नेता येईल अशा छोट्या प्लेअरवर घालून दे. मी वायर न लावता स्पीकरपुढे माइक ठेवून उतरवतो म्हणून तू मला अडाणी म्हणतेस. म्हण बापडी. खोलीचा आवाजही आला पाहिजे, हे माझं म्हणणं मी सोडणार नाही.

तुझ्या आईला एवढंच सांग, की भावाला कमी ऐकू येतं. ते तिला लहानपणापासून माहीत आहे.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मामा

२० फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दातांच्या दवाखान्यातच वाचलं आणि हत्यारं उकळायच्या खोलीत जाऊन रडून घेतलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, वाफेनं डोळे लाल झाले. आता रडणं पुरे, कामाचं बोलते.

तीन बहिणींचा नुसत्या गळ्यांचा अल्बम आहे, वाद्य एकही नाही, तो सकाळी ऐक. म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्याचा शेवटचा अल्बम एकट्यानं ऐकू नकोस, शेजाऱ्यांना बोलव. आणि तो दोन पियानोंचा, ज्याला तू भांड्यांची आदळआपट म्हणाला होतास, तो एकदा माझ्यासाठी.

आणि मामा, तुला एक भेट! तुझे उतरवलेले अल्बम मी चाळून पाहिले. कुठे नळ वाहतोय, कुठे खुर्ची करकरतेय, खाली व्हायोलिन बिचारं जीव मुठीत धरून बसलंय. शेवटचं ऐकायचं ते असं का ऐकावं? मी तेच सगळे अल्बम स्वच्छ, एक नंबर प्रतींमध्ये मिळवले, तुझी डिस्क कोरी केली आणि ते भरले. नावं, सालं, क्रम, सगळं जागच्या जागी. प्लेअरही सोबत आहे. ऐक आणि मला कबूल कर, की भाची हुशार आहे.

आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू दे.
तुझी भिंगरी

२५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आ.

अगं, काय केलंस हे? दुसरी प्रत आहे ना कुठे? तुझ्या कॉम्प्युटरवर, कुठल्या कोपऱ्यात? नाही म्हणू नकोस.

त्या खुर्चीवर तुझी मामी बसायची. नळ तिनं सोडलेला असायचा. मी माइक लावला की ती मुद्दाम खोलीत यायची, गुणगुणायची, मध्येच काहीतरी बोलायची. तिला फोनवर रेकॉर्ड करू गेलं तर तोंडावर पदर घ्यायची, तुला ठाऊक आहे. तिला जाऊन दोन वर्षं झाली, आणि तिचा आवाज जगात तेवढाच होता. मी पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं, पण या वयात बायकोचं गुणगुणणं ऐकायचंय असं भाचीला कसं लिहायचं? लाज वाटली.

मला व्हायोलिन नको, क्लॅरिनेट नको. कान आहे तोवर ती एकदा ऐकव. पाया पडतो तुझ्या.

मामा

२ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

दुसरी प्रत नाही. खोटं लिहीत नाही.

तू पत्रासोबत परत पाठवलेली डिस्क घेऊन पुसलेलं परत काढून देणाऱ्या माणसाकडे गेले. तो म्हणाला, नुसतं पुसलं असतं तर सगळं आलं असतं, पण वरून नवं भरलं, त्यानं खालचं बरंचसं कायमचं गेलं. म्हणजे माझ्या भेटीनंच तिला पुसलं. काही तुकडे निघालेत, पण त्यांना नाव नाही, गाव नाही, कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात याचा पत्ता नाही. मी रजा टाकलीय, एकेक तुकडा ऐकतेय. आईला सगळं सांगितलं, तीही दुसरा इअरफोन कानात घालून बसते. ओरड माझ्यावर, हवं तेवढं ओरड, पण अबोला धरू नकोस.

भिंगरी

७ मार्च

चि. भिंगरीस,
आ.

चेहऱ्याची डावी बाजू बधिर व्हायला लागली, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन अलीकडे घेतलं. परवाच आहे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा झालेलं असेल.

तुझे स्वच्छ अल्बम ऐकले. चांगले आहेत गं, फार चांगले आहेत. प्रत्येक गाण्यात जिथे ती बोलायची तिथे मी कान टवकारून बसतो, आणि तिथे काहीच नसतं. तुझ्यावर राग नाही. पण शोधायची थांबू नकोस.

मामा

१९ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू जागा झालास, जेवतोस, पाटीवर लिहून नर्सशी भांडतोस, हे आईनं तिथून कळवलं. जीव भांड्यात पडला.

मामा, मामी सापडली. मला दहा दिवस उशीर झाला. तुला ऐकवता येत नाही, म्हणून जसं ऐकलं तसं लिहिते.

क्लॅरिनेट चालू आहे. खुर्ची करकरते. मामी म्हणते, की हे वाद्य सर्दी झाल्यासारखं वाजतं. तू तिला दटावतोस, की माइक चालू आहे, गप्प बस. ती हसते, हसू दाबल्याचं कळतं. मग खरंच गप्प बसते, थोडाच वेळ. मग गुणगुणायला लागते, अगदी हळू, सुरांच्या जरा मागून, जणू वाट विचारत चाललीय. शेवटपर्यंत गुणगुणते. बाजू संपते, सुई खरखरते. मामी तुला विचारते, की आता बोलू का. तिथेच तुकडा तुटतो.

आईला फोनवरून ऐकवलं. ती म्हणते, आवाज मामीचाच, पण तब्येत चांगली होती तेव्हाचा.

क्षमा कर.
भिंगरी

२४ मार्च

चि. भिंगरी हीस,
अ. उ. आ.

वाचलं. परत वाचलं. तुझी आई उशाशी बसून डोळे पुसत होती, तिला बाहेर घालवलं आणि परत वाचलं. सर्दी झाल्यासारखं! असं तीच बोलू जाणे.

रडू नकोस. ऑपरेशनआधी सापडलं असतं तर मी ते एकदा ऐकलं असतं, दोनदा ऐकलं असतं. जाऊ दे. पण एक विचारतो. आता बोलू का, असं तिनं विचारलं, मग मी काय म्हणालो? हो म्हणालो असेन ना? का रेकॉर्ड उलटी करून पुन्हा माइक लावला? मी डोकं फुटेस्तोवर आठवतोय आणि मला आठवत नाही गं. ती काय सांगणार होती तेही आठवत नाही. पुढचा तुकडा कुठेतरी असेल. राहिलेले सगळे ऐक. सापडला तर तिचा एकही शब्द गाळू नकोस, आणि नाही सापडला, तर मी हो म्हणालो असं लिही.

एवढी माया कर.
तुझा मामा