क्लचच्या पेडलची जागा

सोमवार, ३ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी तुला चुकीचं कळवलं. तुझ्या गाडीत नवं इंजिन नीट बसतं, खाली तीन बोटं जागा उरते, कुठे काही कापावं लागणार नाही, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. इंजिनाखालची ऑइलची टाकी आणि पुढच्या दोन चाकांना जोडणारा आडवा अ‍ॅक्सल यांच्यातलं अंतर मी मोजलं, तेव्हा गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती. चाकं लोंबकळत होती आणि त्यांच्याबरोबर अ‍ॅक्सलही खाली गेला होता. गाडी जमिनीवर आली की तो वर येणार, हे मला सुचायला हवं होतं.

आपल्या गॅरेजचा नियम मला पाठ आहे: ज्याने मोजलं त्याने लगेच कापायचं नाही, आधी दुसऱ्याने मोजायचं. पण जुनं इंजिन काढल्यापासून बाबा घुश्श्यात आहेत, म्हणून त्यांना मोजायला सांगायचा मला धीर झाला नाही. मी तुला लिहिलेलं ते पत्र टाकून परत आले, तोवर ते काही बोलले नव्हते. मग त्यांनी जॅक घेतला, गाडी खाली उतरवली आणि हात धुवायला गेले. टाकी अ‍ॅक्सलला टेकली होती. मध्ये कागदही सरकला नसता. टॉवेलला हात पुसत त्यांनी एवढंच विचारलं, की ती तीन बोटं नेमकी कुणाची होती.

आता दोन वाटा आहेत आणि त्यातली एक निवडायचा हक्क माझा नाही, कारण गाडी तुझी आहे. एक, इंजिन वर उचलायचं. मग ते बॉनेटमध्ये मावणार नाही. बॉनेटला मध्ये फुगवटा काढावा लागेल. बाबा म्हणतात, तो ते स्वतः ठोकून काढतील. दुसरी, इंजिन चार बोटं मागे सारायचं. त्यासाठी चालकाच्या पायांपुढची पत्र्याची भिंत कापून आत घ्यावी लागेल, आणि ती नेमकी क्लचच्या पेडलची जागा खाईल. नव्या गिअरबॉक्सला क्लच लागत नाही, म्हणून तर आपण तो घेतला. पण एकदा कापलं की त्या गाडीत पुन्हा कधीही क्लच बसणार नाही. तुझा पाय सुधारतो आहे असं तू लिहितेस. उद्या तो पूर्ण बरा झाला आणि तुला पूर्वीसारखी गाडी चालवावीशी वाटली, तर मी ती वाट बंद करून ठेवलेली असेल. या विचाराने मला जेवण जात नाही.

तू सांगशील तसं करीन. चुकीबद्दल रागव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
वॉशर

---

रविवार, ९ नोव्हेंबर

चि. वॉशर हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तीन बोटांचं पत्र आलं आणि त्याच्या पाठोपाठ त्याचं खंडनही आलं. मी इतकी हसले की माझी लेक हातातलं काम टाकून बघायला आली. अगं, ऐन उमेदीत मी एक गिअरबॉक्स बसवून, बोल्ट आवळून, वर शीळ घालत बसले होते, आणि पुसायचं फडकं आत राहिलं होतं. तुझा बाप अजून फडकी मोजून ठेवतो की नाही बघ. तेव्हाही तो बोलला नव्हता. त्याला बोलायचं असलं की तो जॅक वापरतो.

आता पायाचं. तू खरं लिहिलंस, म्हणून मलाही लिहायला हवं. डाव्या पायात जोर येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मागच्याच वर्षी सांगितलं. काठी घेऊन चालता येईल. पेडल दाबता येणार नाही. दर पत्रात मी ‘थोडं बरं आहे’ लिहीत गेले, ते दादासाठी. मणक्याचं ऑपरेशन करून घे म्हणून त्यानेच माझ्या मागे लकडा लावला होता. पाय गेला हे कळलं तर तो स्वतःला दोष देत बसेल, मला माहीत आहे तो. म्हणून मी पाय बोटाबोटाने बरा करत नेला. तुझ्या मापांपेक्षा माझी मापं जास्त खोटी आहेत, पोरी.

तेव्हा काप. बॉनेटला टेंगूळ मुळीच नको. दादाने ते बॉनेट वाळूच्या पिशवीवर एक अख्खा हिवाळा ठोकून काढलं आहे; त्या रेषेसाठी तर लोक वळून बघायचे. मी क्लचची जागा देते आहे, गाडी नाही. उजवा पाय ठणठणीत आहे आणि गाडी पळवायला तोच लागतो. आणि हे इंजिन तू माझ्यासाठी शोधलंस, हे मी कुणाकुणाला सांगितलं असेल, विचारू नकोस. शेजारीण आता मला जिन्यात टाळते.

हे पत्र दादाला वाचायला दे. त्याच्या तोंडावर सांगणं मला जमणार नाही. आम्हाला असाच जीव लावत राहा.

तुझी,
आत्या

---

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पोरीने तुझं पत्र माझ्यापुढे धरलं आणि स्वतः लेथमागे जाऊन उभी राहिली. वाचलं.

मला माहीत होतं. उन्हाळ्यात आलीस तेव्हा गाडीत बसताना तू डावा पाय हाताने उचलून आत ठेवलास, आणि मी बघतो आहे का ते बघितलंस. मी रेडिएटरकडे बघत होतो. तुला आशा आहे असं वाटलं, म्हणून क्लच तसाच ठेवला. अधूनमधून त्याला वंगणही देत होतो. दोन शहाणी माणसं एका पेडलपायी वर्षभर येड्याचं सोंग घेऊन बसली.

ऑपरेशनचं म्हणशील, तर त्याआधी तुला उभंही राहता येत नव्हतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लकडा लावीन. ते ओझं मी उचललेलं नाही, तेव्हा तूही माझ्या वतीने उचलू नकोस.

नवं इंजिन मला आवडलेलं नाही. वर प्लॅस्टिकचं झाकण, आवाज शिवणयंत्राचा. जुनं मी तीनदा उघडलं होतं. ब्लॉकला पुन्हा भेग गेली नसती तर हे पाहुणं दारात उभं केलं नसतं. पण तू गाडी चालवणार आहेस, तेव्हा चालू दे. भिंत मी मोजली. पोरीच्या आणि माझ्या मापात एका सुताचा फरक निघाला. पुन्हा मोजलं. तिचं बरोबर होतं. तिला मी हे सांगितलेलं नाही, तू सांग. तू शिकवलेली आहे.

प्रकृतीला जप. खरं लिहीत जा.

तुझा,
दादा

---

रविवार, १६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी तुला लिहिलं आहे. काय, ते मला दाखवलं नाही. पाकीट मात्र त्यांनी स्वतः चिकटवलं आणि स्वतः टाकून आले. येताना शीळ घालत होते. मग गाडीखाली शिरून त्यांनी क्लचचं पेडल उतरवलं. मी बॅटरीचा उजेड धरून उभी होते. पेडल पुसत ते म्हणाले, “तिला गाडी चालवायची आहे, आणखी काय हवं आपल्याला.” एवढं लांब वाक्य मी त्यांच्याकडून बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

मला तुझे आभार मानायचे आहेत आणि ते कसे मानायचे ते कळत नाही. शाळेत जायच्या आधी तू मला पान्यांवरून आकडे शिकवलेस. बाईंनी दहाच्या पुढे म्हणायला सांगितलं तेव्हा मी दहा, बारा, तेरा, चौदा, सतरा, एकोणीस असं ठासून म्हटलं होतं, आणि बाईंनाच अकराचा पाना कुठे असतो असं विचारलं होतं. नट बोल्टच्या आट्यांवर नीट चढला की नाही ते डोळे मिटून बोटांना विचारायचं, हे तुझंच. घाबरलं तर घाबरत काम करायचं पण हात सावकाश चालवायचा, हेही तुझंच. आज माझ्याकडे जे काही येतं, ते तुझ्या शेजारी उकिडवं बसून आलेलं आहे. तू मला ‘काप’ असं लिहिलंस, तेव्हा तू काय देते आहेस हे मला कळलं. मी ते पत्र वाचून बराच वेळ गाडीतच बसले होते, तुझ्या जागेवर, डावा पाय नुसता ठेवून.

इंजिन चार बोटं मागे येईल. भिंत कापून आत नवा पत्रा जोडायचा, तुझा उजवा पाय मोकळा हलेल एवढी जागा ठेवायची आणि उष्णता आत येऊ नये म्हणून मध्ये जाड अस्तर घालायचं. सीट थोडी उंच करते आहे, म्हणजे पाय उचलून घ्यायला सोपं जाईल. ब्रेकचं पेडल तुला रुंद हवं असेल तर कळव. माझी भीती गेलेली नाही, पण आता ती फक्त पत्रा वाकडा कापला जाईल एवढीच आहे, आणि ती मला पेलते.

माझ्यावरची तुझी माया आहे तशीच दाट राहू दे. पातळ झाली तर माझं इंजिन तापेल.

हे पत्र तुला बुधवारपर्यंत मिळेल. तुझं मन फिरलं असेल तर संकोच न करता फोन कर, मला वाईट वाटणार नाही. फोन आला नाही, तर शनिवारी, २२ नोव्हेंबरला, सकाळचं ऊन गॅरेजच्या दारातून आत आलं की मी पत्र्याला करवत लावीन.

तुझी,
वॉशर